जिभेचा लगाम



मनुष्याच्या शरीरांत जीभ हा अवयव लहानसा. तोंड मिटलें कीं तो दिसतही नाहीं. काम करून हात थकतात, चालून पाय दुखूं लागतात. परंतु बोलून बोलून जीभ दमली, अशी तक्रार क्वचितच ऐकूं येते. "जिभेला हाड नाहीं" असें आपलीं वडील माणसें म्हणतात. त्याचा अर्थ हाच कीं, ती वळवावी तशी वळते, आणि आवरली नाहीं तर भलतीकडेच वळते. ज्या जिभेनें आपण सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं देवाचें स्तवन करतों, तीच जीभ मधल्या सुट्टींत शेजारच्या मुलाच्या वर्मीं लागेल असा शब्द बोलून मोकळी होते. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसवावयाचा, हा या लेखाचा विषय आहे.

शब्दाचें सामर्थ्य महाराष्ट्राला नवें नाहीं. तुकोबांनीं शब्दांनाच आपलें धन मानलें आणि शब्दांनाच आपलीं शस्त्रें मानलीं. धन आणि शस्त्र यांत एक मोठें साम्य आहे. तीं ज्याच्या हातीं असतात, त्याला त्यांच्या वापराचा हिशेब द्यावा लागतो. पवित्र शास्त्राची शिकवणही अशीच आहे. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत देव बोलतो आणि प्रकाश होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं खुद्द ख्रिस्ताला 'शब्द' हें नांव दिलें आहे. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत प्रभु बजावतो कीं, मनुष्यांना आपल्या प्रत्येक व्यर्थ शब्दाबद्दलही न्यायाच्या दिवशीं जाब द्यावा लागेल. आपण मात्र "सहज बोललों" एवढें म्हणून हा हिशेब पुरा झाला असें समजतों.

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत जिभेविषयीं तीन दृष्टांत आहेत: घोड्याच्या तोंडांतील लगाम, गलबताचें सुकाणूं आणि अरण्य पेटविणारी ठिणगी. तिन्ही ठिकाणीं लहान वस्तूचा परिणाम फार मोठा होतो, ही गोष्ट वाचतांक्षणीं ध्यानांत येते. परंतु थोडा अधिक विचार केला तर दुसरीही एक गोष्ट दिसते. लगाम घोड्याला वळवितो, पण तो स्वतः होऊन नव्हे. त्याची दोरी स्वाराच्या हातांत असते. सुकाणूं गलबत फिरवितें, पण तांडेलाचा हात त्यावर असतो म्हणून. ठिणगीला मात्र कोणी धनी नसतो. ती वाऱ्याच्या स्वाधीन होते. फाल्गुन-चैत्रांत आपल्याकडील डोंगरांवर वणवा लागतो. तो कोणत्या गुराख्याच्या विडीनें लागला, हें कोणालाच सांगतां येत नाहीं, आणि त्या गुराख्यालाही तो विझवितां येत नाहीं. तेव्हां प्रश्न जीभ चांगली कीं वाईट असा नाहीं. ती कोणाच्या हातांत आहे, हा खरा प्रश्न आहे. धन्याच्या हातांत असेल तर ती लगाम आहे, सुकाणूं आहे; कोणाच्याच हातांत नसेल तर ती ठिणगी आहे.

याचें एक उत्तम उदाहरण जुन्या करारांत शास्त्यांच्या पुस्तकांत आहे. तें दोन निरनिराळ्या ठिकाणीं आलें असल्यामुळें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. आठव्या अध्यायांत गिदोन मिद्यानी लोकांचा पराभव करून त्यांचा पाठलाग करीत असतां एफ्राईम वंशाचे लोक त्याजकडे रागावून येतात. युद्धाच्या आरंभीं आपणांस कां बोलाविलें नाहीं, आमचा मान कोठें राहिला, असें त्यांचें म्हणणें. गिदोन नुकताच विजयी झालेला. उलट उत्तर देण्यास त्याला कोणतीच अडचण नव्हती. परंतु त्यानें त्यांच्याच पराक्रमाची आठवण करून दिली. मिद्यानाचे ओरेब व जेब हे दोन सरदार तुम्हींच धरलेत. तुमच्या कामापुढें माझें काम तें काय, अशा अर्थाचें तो नम्रपणें बोलला. त्यांचा राग शांत झाला आणि ते परत गेले. एका मनुष्याचाही जीव गेला नाहीं.

आतां बारावा अध्याय उघडा. काळ निराळा, शास्ता निराळा, परंतु एफ्राईमचे लोक तेच आणि त्यांची तक्रारही तीच. इफ्ताहानें अम्मोनी लोकांवर जय मिळविला होता. आम्हांला न बोलावतां तूं लढावयास कां गेलास, तुझें घर तुझ्यासकट जाळून टाकूं, असें ते त्याला धमकावूं लागले. तक्रारीची भाषा या वेळीं अधिक उद्दाम होती, हें कबूल केलें पाहिजे. इफ्ताहानेंही त्यांना त्यांचाच दोष दाखविला. मीं हांक मारली तेव्हां तुम्ही आलां नाहीं, असें तो म्हणाला. त्याचें म्हणणें कदाचित् अक्षरशः खरें असेल. परंतु खरें बोलणें आणि राग शमविणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांत एफ्राईमी लोकांनीं गिलादी लोकांना 'पळपुटे' म्हणून हिणविलेलें होतें. तो शब्द गिलादांच्या मनांत सलत होता. लढाई जुंपली. यार्देनेच्या उतारावर पळून जाणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारण्यास सांगत. एफ्राईमी मनुष्याच्या तोंडून तो 'सिब्बोलेथ' असा निघे, आणि तेवढ्यावरून त्याला ठार मारीत. त्या वेळीं ४२,००० एफ्राईमी पडले, असें शास्त्र सांगतें.

तक्रार एकच, एका ठिकाणीं मृदु उत्तरानें ती विरघळली, दुसऱ्या ठिकाणीं टोमण्यास टोमणा मिळून नदीकांठीं प्रेतांची रास पडली. मुलांनो, वर्गांत एखाद्याला आपण जें टोपणनांव ठेवतों, तें 'पळपुटे' या शब्दाच्याच जातीचें असतें. आणि दुसऱ्याच्या उच्चारावरून त्याला वेगळा काढून हंसण्याची जी आपली संवय, तिची शेवटची पायरी कोणती, हें यार्देनेच्या त्या उतारावर दिसतें.

येथें मला माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास संकोच वाटतो. परंतु ती लपवून जिभेच्या संयमावर लेख लिहिणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका गांवीं मी शिक्षक असतांना, माझ्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत तो मध्यम, स्वभावानें शांत. पण वाचावयास उभा राहिला कीं अडखळे. कांहीं अक्षरांपाशीं त्याचा शब्द अडे, चेहरा लाल होई, आणि मग एकदम तीन-चार शब्द धांवत बाहेर पडत. एके दिवशीं तपासणी तोंडावर आलेली, धडा पुरा व्हावयाचा, आणि त्याचें वाचन एकाच ओळींत थांबलेलें. माझा धीर सुटला. "काय रे, तुझी गाडी घाटांत अडकली वाटतें?" असें मी म्हणालों. सगळा वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर वर्ग हंसला याचें मला तेव्हां बरेंही वाटलें. मुलगा खालीं बसला. मी पुढच्या मुलाला वाचावयास सांगितलें, आणि ती गोष्ट पार विसरून गेलों.

वर्ग मात्र विसरला नाहीं. त्या दिवसापासून त्या मुलाचें नांव 'घाटगाडी' पडलें. पटांगणांत, रस्त्यावर, नळावर, जेथें तो दिसे तेथें मुलें बैल हांकल्यासारखा आवाज काढीत. मला याची दादच नव्हती. महिन्याभरानें हजेरी घेतांना त्याच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा लागोपाठ दिसल्या, तेव्हां मीं चौकशी केली, आणि एका मुलीनें खालीं पाहत मला खरा प्रकार सांगितला.

शनिवारीं दुपारीं मी त्याच्या घरीं गेलों. वडील सुतारकाम करीत. पडवींत एका फळीवर रंधा चालला होता. त्यांनीं मला बसावयास पाट दिला, पाणी दिलें. रागाचा एक शब्द काढला नाहीं. मुलगा दाराआड उभा होता. मीं मुलाच्या शाळेची गोष्ट काढली, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "मास्तर, शाळेचें राहूं द्या. तो आतां घरींसुद्धां बोलत नाहीं. पूर्वीं अडखळत कां होईना, पण आईजवळ दिवसभर बोलत असे."

त्या वाक्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. चूक माझी होती हें मीं त्यांच्यापुढें आणि त्या मुलापुढें कबूल केलें, आणि क्षमा मागितली. वडील कांहीं वेळ गप्प राहिले. मग पायांशीं पडलेल्या ढलप्यांकडे हात करून म्हणाले, "रंध्याखालीं जें लाकूड गेलें, तें परत बसवितां येत नाहीं. पण फळी अजून आहे. राहिली आहे तिचें कांहींतरी करावें."

सोमवारीं तो मुलगा वर्गांत आला. वर्ग माझ्या शब्दानें हंसला होता, म्हणून क्षमाही वर्गापुढेंच मागणें योग्य होतें. तसें करतांना माझाच शब्द दोन ठिकाणीं अडला. कोणी हंसलें नाहीं. त्या वर्षीं त्याला मोठ्यानें वाचावयास मीं कधींच सांगितलें नाहीं. परंतु नाताळच्या कार्यक्रमांत शुभवर्तमानांतील उतारा वाचण्यासाठीं मुलें निवडावयाचीं होतीं, तेव्हां तो स्वतः होऊन पुढें आला. तेवढा लहानसा उतारा वाचावयास त्याला पुष्कळ वेळ लागला. पूर्वीं अडे त्याच अक्षरांवर तो अडला. पण साऱ्या दिवाणखान्यांत टांचणी पडली तरी ऐकूं यावी अशी शांतता होती. ज्या मुलांनीं त्याला चिडविलें होतें, तींच श्वास रोखून त्याच्या पुढल्या शब्दाची वाट पाहत होतीं. जिभेनें केलेली इजा त्यांनीं त्या दिवशीं जीभ आवरून थोडीशी भरून काढली. सर्व भरून निघाली असें मी म्हणत नाहीं. मिसर देशांतून इस्राएल लोकांना बाहेर काढण्यासाठीं देवानें मोशेला बोलाविलें, तेव्हां आपण बोलण्यांत जड आहों हीच सबब त्यानें पुढें केली होती, आणि देवानें ती मान्य केली नाहीं, ही कथा त्या दिवसापासून मला निराळ्या रीतीनें वाचतां येऊं लागली.

या अनुभवावरून मला जें कळलें तें असें. जिभेचीं पातकें आपण समजतों तितकीं उघड नसतात. शिवी, खोटी शपथ, निंदा हीं तर पातकें आहेतच, आणि तीं टाळलीं कीं आपण निर्दोष असें आपणांस वाटतें. परंतु मीं त्या दिवशीं शिवी दिली नाहीं, खोटें बोललों नाहीं, निंदा केली नाहीं; केवळ विनोद केला. गोष्ट ऐकली तशीच पुढें सांगणें, दोन मित्रांमध्यें एकाचें दुसऱ्याला कळविणें, स्वतःची बढाई करतांना दुसऱ्याला सहज खालीं ओढणें, आणि प्रशंसा करावयाची तेथें मुद्दाम मौन धरणें, हीं सारीं सभ्य माणसांचीं जिभेचीं पातकें आहेत. चोराला चोरीची लाज वाटते. आपणांस यांची लाजही वाटत नाहीं.

मग उपाय काय? ओठ घट्ट मिटून बसणें हा नव्हे. प्रभु येशूनें सांगितलें आहे कीं, अंतःकरणांत जें भरून राहिलें असेल तेंच मुखावाटें बाहेर येतें. विहिरीचें पाणी खारें असेल तर पोहऱ्याला दोष देऊन काय उपयोग? जिभेला पशूप्रमाणें माणसाळविणें कोणाही मनुष्याला साधलेलें नाहीं, असें याकोब म्हणतो. हें वाचून निराश होण्याचें कारण नाहीं. त्यानें 'मनुष्याला' असें म्हटलें आहे. देवाला असें म्हटलेलें नाहीं. म्हणूनच स्तोत्रकर्ता आपल्या तोंडापुढें पहारा बसविण्याची विनंती देवालाच करतो. लगामाची दोरी आपण त्याच्या हातीं देतों, तेव्हांच ती खऱ्या धन्याच्या हातीं जाते.

पेत्राचें उदाहरण पाहा. कैसरिया फिलिप्पैच्या प्रदेशांत येशू हाच ख्रिस्त, असें प्रथम त्याच्याच तोंडून निघालें. त्याच तोंडानें, मुख्य याजकाच्या वाड्यांतील शेकोटीजवळ, एका दासीच्या प्रश्नाला भिऊन, तो मनुष्य मला ठाऊक नाहीं असें त्यानें तीनदां सांगितलें, आणि शेवटीं शपथाही वाहिल्या. पुनरुत्थित प्रभु त्याला गालीलाच्या समुद्राकांठीं भेटला, तेव्हां त्यानें पेत्राला त्या रात्रीबद्दल एक अक्षरही विचारलें नाहीं. तुझी माझ्यावर प्रीति आहे काय, एवढेंच तीनदां विचारलें, आणि तीनदां नाकारणाऱ्या जिभेला तीनदां प्रीति कबूल करण्याची संधि दिली. त्याच जिभेनें पुढें पन्नासाव्या दिवसाच्या सणीं यरुशलेमांत उपदेश केला, आणि सुमारें ३,००० लोक मंडळींत आले. बिघडलेली जीभ प्रभु तोडून टाकीत नाहीं. ती दुरुस्त करून कामास लावतो. आणि ज्यानें पेत्राला हें शिकविलें, तो स्वतः हेरोदापुढें, नाना प्रश्न विचारले जात असतां, एकही शब्द बोलला नव्हता. क्रूसावर मात्र मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागावयास त्याला शब्द सांपडले. केव्हां गप्प बसावें आणि केव्हां बोलावें, याचा कित्ता आपल्यापुढें आहे.

बोलण्याचें सामर्थ्य देवाच्या हातीं दिलें म्हणजे काय होतें, हें आपल्या देशांतही दिसून आलें आहे. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांचें वक्तृत्व ऐकून १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. वयाच्या विसाव्या वर्षीं असा मान मिळाल्यावर तीच वाणी आयुष्यभर सभा जिंकण्यांत खर्च झाली असती तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. परंतु ज्यांचें कोणी ऐकत नव्हतें, अशा विधवांसाठीं त्या बोलूं लागल्या. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि पुढें केडगांवचें मुक्ति मिशन उभें राहिलें. उत्तरवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. खेड्यांतील अशिक्षित बाईलाही तें समजावें, म्हणून त्यांनीं पंडिती शब्द बाजूला सारून सोपे शब्द शोधले. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होतें, त्यांना कठीण शब्द लिहिणें सोपें आणि सोपा शब्द लिहिणेंच कठीण होतें. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं तें संपूर्ण भाषांतर प्रसिद्ध झालें. जिभेचा संयम म्हणजे केवळ वाईट शब्द गिळणें नव्हे. ऐकणाऱ्याला उपयोगी पडेल तोच शब्द कष्टानें निवडणें, हाही संयमच आहे.

आतां नित्याच्या आचरणासाठीं चार गोष्टी सांगतों. त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्या. पहिली: जो मनुष्य समोर नाहीं, त्याच्याविषयीं तो समोर असतां बोलवणार नाहीं असें कांहीं बोलूं नये. दुसरी: राग आला असतां उत्तर दुसऱ्या दिवशीं द्यावें, पत्र लिहिलें असेल तर तें रात्रभर घरांतच राहूं द्यावें. तिसरी: अपराध एकांतांत झाला असेल तर क्षमा एकांतांत मागावी, चारचौघांत झाला असेल तर चारचौघांत मागावी. चौघांत घायाळ करून कोपऱ्यांत क्षमा मागणें हा सौदा स्वस्त असतो, पण प्रामाणिक नसतो. चौथी: कोणाचे आभार मानावयाचे राहिले असतील, कोणाच्या कामाची स्तुति करावयाची राहिली असेल, तर तें देणें त्याच दिवशीं फेडावें.

पालकांनाही एक नम्र विनंति आहे. मुलें भाषा शाळेंत शिकतात हें खरें, पण बोलणें तीं घरींच शिकतात. दारीं कोणी नकोसा मनुष्य आला असतां "बाबा घरीं नाहींत म्हणून सांग" असें जो बाप मुलाला आंतून सांगतो, त्यानें मुलाला खोटें बोलण्याचा एक धडा दिला. तो धडा पुसण्यास शिक्षकाला वर्षें लागतात. घरीं काम करणाऱ्या बाईला कोणत्या शब्दांत हांक मारली जाते, देवळांतून परत येतांना पाळकांच्या उपदेशाची वाटेंत कशी चिरफाड होते, शेजाऱ्यांच्या अडचणीची गोष्ट जेवतांना कोणत्या सुरांत निघते, हें सारें मुलें मुकाट्यानें ऐकत असतात. आपण चुकलों तर मुलापुढें तसें कबूल करण्यास कोणाही आईबापांनीं लाजूं नये. त्यानें मान कमी होत नाहीं, हें मीं एका सुताराच्या पडवींत शिकलों आहें.

मुलांनो, हें वार्षिक तुमच्या हातीं पडेल तेव्हां सुट्टी लागलेली असेल. कोणी आपल्या गांवीं जाल, कोणी हायस्कूल कायमचें सोडून जाल. जाण्यापूर्वीं एकदां मनांत आठवून पाहा: या वर्षांत तुमच्या शब्दानें कोणाचें बोलणें बंद पडलें आहे काय? असेल, तर त्याचें घर कोठें आहे तें तुम्हांला ठाऊक असेलच. फळी अजून शिल्लक आहे. सुट्टीचा पहिला दिवस त्या कामासाठीं ठेवा.